गुळगुळीत काच

“काका, आते कीबोर्ड नही. काचवर बोट लावा, बस!” भूपेशने नव्या टचस्क्रीनकडे हात करून कौतुकाने सांगितलं आणि जुना कीबोर्ड वायर गुंडाळून माळ्यावर टाकला.

शहाद्याच्या त्या छपाईच्या दुकानात उमाकांत आयुष्यभर पत्रिका बनवत आला होता. दुकान जगदीशचं, भूपेश त्याचा मुलगा. पोराचा तरी काय दोष! नवं ते सोनं वाटायचंच वय.

“मोबाईल हातमा ऱ्हास रे बाबा,” उमाकांत म्हणाला. “हाऊ टेबलवर उभा शे. दिनभर हात टांगी ठेवू का?”

“सवय व्हई जाई, काका.”

खांदा दुखणार हे खोटं नव्हतं, पण खरं दुखणं वेगळंच होतं. काचबिंदूने उमाकांतचे डोळे खाऊन टाकले होते आणि हे त्याने बायकोखेरीज कुणालाही कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर खुर्ची गेली असती. कीबोर्डच्या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. तो बोटाला लागला की बाकीची अक्षरं आपोआप सापडत. छापलेला पहिला कागद तो गिऱ्हाइकालाच मोठ्याने वाचायला लावी. “घरनं नाव घरना माणूसनीच तपासानं,” म्हणे. लोक म्हणत, किती काटेकोर माणूस! त्या कौतुकाने त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

काचेला मात्र कुठेच उंचवटा नव्हता.

दुपारी सारंगखेड्याचा हेमकांत आला. वडील वारले होते, गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, पत्रिका हव्या होत्या. मजकूर भूपेशने मोबाईलवरून आधीच चढवला. “काका, डावीकडून दुसरा चौकोन गंधमुक्तीना. त्यावर बोट लावा, छापी जाई,” असं सांगून तो चहा सांगायला गेला. उमाकांतने जागा मनात पक्की केली. पण जुन्या सवयीने मनगट टेकवायला गेला, तळवा काचेवर घसरला आणि पत्रिकांच्या नमुन्यांचे सगळे चौकोन पुढे सरकले. त्याला कुठून कळणार! त्याने बोट लावलं. कागद बाहेर आला, तो त्याने हेमकांतसमोर धरला.

“वाचा, भाऊ.”

हेमकांत वाचेना.

“वाचा ना. वडीलसनं नाव बरोबर शे ना?”

“नाव बरोबर शे.” हेमकांतचा आवाज फाटला. “वर गणपती शे, बाशिंग शे, वाजंत्री शे. मन्हा बापनं लगीन लावी ऱ्हायनात का, काका?”

गल्ल्यावरून जगदीश धावत आला. कागद पाहून त्याचा पारा चढला. बोलायला तोंड उघडलं, तोच त्याला उमाकांतची नजर दिसली. ती भलतीकडेच, भिंतीला लागली होती. त्याने टेबलावरचा एक कोरा कागद उमाकांतच्या तोंडासमोर धरला.

“उमाकांत, हाई कोणतं चित्र शे? सांग बरं.”

उमाकांतने अंदाज बांधला. “समई.”

हेमकांतचा राग तिथल्या तिथे विरला.

“माले का बरं सांगं नही?” जगदीशने विचारलं.

“सांगं ऱ्हातं, तं आठे बसू देता का?”

खोटं जगदीशला बोलवेना आणि खरं बोलायची लाज वाटली.

उमाकांत खुर्चीवरून उठला. “भाऊ, तुन्हा बापना अपमान व्हयना मन्हा हाते,” म्हणत त्याने हात जोडले. ते जोडले गेले कोपऱ्यातल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे.

हेमकांत बाजूला सरकला आणि त्या जोडलेल्या हातांसमोर जाऊन उभा राहिला.