बाईनं झाड लावायचं नसतं

मी एक जुनी कुदळ आहे, आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे. लोहाराने मोडक्या ट्रकच्या पाट्यातून मला ठोकून काढलं, आखूड दांडा बसवला आणि टिपोकोच्या हातात दिलं. तिथेच माझा जन्म गेला.

बुर्किना फासोमधल्या आमच्या गावात बाई आधी नवऱ्याचं शेत करते. उन्हं कलल्यावर स्वतःच्या तुकड्याकडे वळते, आणि तो तुकडाही नवऱ्याने दिलेला. टिपोकोच्या नवऱ्याने, नोआगाने, तिला दिला तो निव्वळ माळ. पावसाचं पाणी वरच्या वर वाहून जायचं. भर उन्हाळ्यात आम्ही दोघींनी तिथे खड्डे खणले. ती त्यांत शेण भरायची, उताराला आडवे दगड रचायची. माझं पातं झिजून निम्मं झालं, तेव्हा कुठे तिथे पुरुषभर उंच ज्वारी उभी राहिली.

आणि शाबासकी कोणाला? नोआगाला! काय कसदार रान आहे तुझं, असं लोक म्हणायचे आणि तो मिशीतल्या मिशीत हसायचा. एक दिवस त्याने सांगून टाकलं की हे रान आता मी घेतो, तू पलीकडचा माळ घे.

टिपोकोने रानाच्या मधोमध आंब्याचं रोप लावलं. आमच्याकडे जो झाड लावतो, तो जमिनीचा मालक. म्हणून तर बाईला झाड लावू देत नाहीत.

नोआगा तणतणत आला. "उद्या टोपी घालून म्हाताऱ्यांच्या बैठकीत बसशील. उपट ते."

तिने मला त्याच्या पायाशी ठेवलं. "खड्डा मी खणला, माती मी कसदार केली. उपटायचं तर तुम्ही उपटा."

आणि त्याने उपटलं, माझ्याच पात्याने! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. पण कुदळीचं कोण ऐकतं? धरेल त्याची ती.

मित्रांनो, मला तेल लावा, जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी गंजले तर गंजू द्या. पण जिच्या घामावर घर जेवतं, तिला 'ही जमीन तुझी' म्हणताना तुमची जीभ का अडखळते, ते आधी सांगा.

आज सकाळी टिपोकोने त्याच जागी दुसरं रोप लावलं. नोआगा पुन्हा येतोय. या खेपेला तिची सवत आणि दोघी जावा रोपाभोवती उभ्या आहेत. त्याच्या शेताची पेरणी तोंडावर आलीय, आणि घरातल्या सगळ्या कुदळी या चौघींच्या हातात आहेत.