मोमोसेंच्या गावावरची लाल रेघ

मी त्रिमितीदर्शक बोलतोय. नाव भारदस्त असलं तरी देह साधाच. दोन भिंगं, चार आरसे, चार पाय. विमानातून लागोपाठ काढलेले दोन फोटो माझ्याखाली शेजारी शेजारी ठेवून डोळे लावले, की सपाट कागदातून डोंगर उभे राहतात.

जपानातल्या निइगाताच्या एका कचेरीत माझा जन्म गेला. काम एकच. डोंगर पूर्वी कुठे सरकलाय ते शोधायचं, भोवती लाल रेघ ओढायची, नंबर द्यायचा. पुढचा धोका त्यावरून ठरायचा. दरडींखाली गावं असायची, पण मला कशाचंच काही वाटायचं नाही.

एकच फोटो दोघांनी वेगवेगळा वाचायचा, असा कचेरीचा नियम होता. कचेरीतले थोरले मोमोसे, त्यांच्या हाताखालचे धाकटे तोकिता. एकदा मोमोसेंच्याच गावाचे फोटो आले. वर डोंगराचा तुटका कडा, खाली सरकलेल्या मातीवर भाताची खाचरं आणि त्यांचं घर. घरात आई आणि थोरला भाऊ. मोमोसेंनी तेवढी जागा कोरी सोडली. तोकिता रेघ ओढतील, म्हणजे भावाला सांगता येईल, मी नाही ओढली.

तोकितांनी ओढली होती. थोरल्यांचा कागद कोरा पाहिला आणि मुकाट्याने खोडून टाकली.

"तुम्हाला इथे दरड दिसली नाही?" मोमोसेंनी विचारलं.

"तुम्हाला दिसली नाही म्हटल्यावर मला कशी दिसेल, साहेब?"

मोमोसेंनी फोटो पुन्हा माझ्याखाली ठेवले. मग स्वतःच्या हाताने रेघ ओढली.

नकाशा छापून आला, तसा भाऊ कचेरीत आला.

"माझ्या पोराला आता मुलगी कोण देईल रे?"

"दादा, डोंगर सरकलाय तिथे. फार पूर्वी."

"आणि पुन्हा कधी सरकणार?"

"ते यात कळत नाही."

"मग तुला कळतं तरी काय?"

घर कुणी सोडलं नाही. डोंगरही अजून जागचा हललेला नाही. भावाने मात्र बोलणं टाकलं. पुढे संगणक आले आणि मी कपाटात गेलो.

आई गेली तेव्हा अस्थी वेचायलाही मोमोसेंना बोलावणं आलं नाही. कळलं ते सगळं उरकल्यावर. त्या दिवशी त्यांनी मला बाहेर काढलं, ते दोन जुने फोटो खाली ठेवले. छप्पर उभं राहिलं, अंगण दिसलं. अंगणात एक पांढरा ठिपका होता. दोन फोटोंच्या मधल्या क्षणात जे हलतं, ते माझ्यात स्थिर दिसत नाही, नुसतं लुकलुकतं.

"आईने डोक्याला फडकं बांधलंय," मोमोसे म्हणाले. "चाललीय कुठेतरी."

वाळत घातलेली चादरही असेल वाऱ्यावर. पण मला वाईट वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

मला भंगारात काढा, माझी हरकत नाही. फक्त ते दोन फोटो एकमेकांपासून वेगळे करू नका.