दुकानाची पाटी

दिवस लहान झाले की बुकबाइंडरचं मनही आखडायचं. तीस वर्षं त्याचा नेम एकच होता: सकाळी छापील कागदांच्या घड्या घालायच्या, दुपारनंतर त्या शिवायच्या. पण आता चारलाच दुकानात अंधारून यायचं. दिव्याखाली पांढऱ्या कागदावरचा पांढरा दोरा त्याला दिसायचा नाही आणि घातलेली शिवण उसवावी लागायची. शेवटी त्याने पुठ्ठ्यावर ‘उन्हाळ्यापर्यंत दुकान बंद’ असं लिहून तो दारावर लावला.

दुपारी थोरली बहीण डबा घेऊन आली. तिने पाटी वाचली.

"चार महिने करणार काय? भिंतींशी गप्पा?"

"ताई, दिसतच नाही गं."

"घड्या घालायला डोळे लागतात?"

"छे, त्या हातांना पाठ आहेत."

"मग सकाळच्या उजेडात शिव, घड्या संध्याकाळी घाल."

"असं कुठं असतं का? आधी घडी, मग शिवण."

"कालची घडी आज शिवली तर कागद रुसतो का?"

ताईला बाइंडिंगमधलं काय कळतं, असं पुटपुटत त्याने त्या संध्याकाळी घड्या घालून ठेवल्या. सकाळी खिडकीशी बसून शिवायला घेतलं, तर जेवणापर्यंत तीन पुस्तकं झाली. एकही टाका उसवावा लागला नाही.

चौथ्याला पुठ्ठा कमी पडला. त्याने दारावरची पाटी काढली, मापाने कापली आणि अक्षरं आत जातील अशी चिकटवली.

ताई डबा घेऊन आली. "पाटी कुठं गेली रे?"

"कामाला लागली," तो मान वर न करता म्हणाला.