शेवटच्या बाकावरचं पान

विद्यापीठाने शिक्षक घडवायचा अभ्यासक्रम बदलला आणि तीस सराव पाठांचे तीन केले. निरीक्षणाच्या वहीऐवजी वीस चौकटींचा फॉर्म आला. सोयीचंच झालं म्हणायचं. चौकटींवर खुणा करायला वर्गाकडे बघावंही लागत नाही.

सराव पाठ तपासणाऱ्या बाईंची सव्वीस वर्षांची रीत वेगळी. पाठ चालू असताना त्या शेवटच्या बाकावर एखाद्या मुलाशेजारी बसायच्या आणि ते मूल वहीत जे लिहील, ते खाडाखोडीसकट आपल्या वहीत उतरवून घ्यायच्या. पाठ संपला की ते पान फाडून शिकवणाऱ्याच्या हातात द्यायच्या. वर एक शब्द बोलायच्या नाहीत. त्या पानाने भल्याभल्यांची झोप उडवली होती.

आजचा शेवटचा पाठ त्यांच्या भाचीचा. बहीण गेल्यावर बाईंनीच तिला वाढवलं होतं, आणि सोमवारपासून तिला स्वतःचा वर्ग मिळणार होता. अपूर्णांकांची बेरीज तिने अशी रंगवली की बाईंचा ऊर भरून आला. वीसच्या वीस चौकटी भरल्या. फक्त शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीने अर्धा आणि एक तृतीयांश मिळवून दोन पंचमांश लिहिले होते. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, तरी पोरीला काही वाटलं नाही. उलट उत्तराखाली तिने पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या.

बाईंनी सवयीने ते उतरवलं, पान फाडलं, आणि घडी घालून पर्समध्ये टाकलं. फॉर्मवर सही केली. भाचीच्या आनंदावर कशाला विरजण घालायचं? शिवाय फॉर्मला दुसरा कागद जोडू नये, असा नियमच होता. नियम पहिल्यांदाच सोयीचा वाटला, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

"वीसपैकी वीस," व्हरांड्यात त्या म्हणाल्या.

"ते कळलं गं, मावशी. माझं पान?"

"आता पान नसतं. बंद झालं ते."

"फाडल्याचा आवाज आला मला. दे इकडे."

बाईंनी पर्स उघडली. भाचीने पान वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मी दोनदा विचारलं तिला, समजलं का म्हणून. हो म्हणाली."

"सगळीच म्हणतात."

भाची वर्गात परत गेली. दोन वेण्यांची मुलगी दप्तर भरत होती. भाची तिच्या शेजारी, त्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसली आणि तिने वही उघडायला सांगितली.

बाई दारात थांबल्या. फळ्यावर ती देखणी बेरीज अजून तशीच होती. भाचीने त्या बेरजेकडे मान वर करूनही पाहिलं नाही.