लंडनला नको झालेली भेंडी

मुरबाडजवळच्या म्हसा गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच अनिलचं भेंडीचं रान. आपली भेंडी विमानाने लंडनला जाते, हे तो सोयऱ्याधायऱ्यांना इतक्यांदा सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं विमानही हाच चालवतो. त्याची आई ताराबाई मात्र त्या रानातली एक भेंडी घरात येऊ द्यायची नाही. घरच्यासाठी विहिरीकडेला दोन ओळी वेगळ्या होत्या, औषध न मारलेल्या.

फेब्रुवारीत अनिलचा अख्खा माल, निर्यातीआधी जिथे तपासून भरतात त्या पॅकहाऊसमधूनच परत आला. तपासणीत औषधाचा अंश जास्त निघाला. तोडणीच्या आदल्याच दिवशी अळी दिसली म्हणून अनिलने फवारा मारला होता. दारात क्रेटांची थप्पी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिल इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

"आये, शाळेत पोषण आहाराचा कार्यक्रम हाये. तालुक्याचे साहेब येनार. पोरांच्या जेवणाला भेंडी आपन देतोय. दान."

मग दाराशी जाऊन तो बायकोला हळूच म्हणाला, "वैष्णवी, मनूला आज घरचा डबा दे. शाळेत जेवू नको म्हनावं."

ताराबाईच्या कानाला अजून काही झालेलं नव्हतं.

"का रे? तुझं दान तुझ्या लेकीला चालत नाय?"

अनिल गाडीची चावी शोधू लागला. चावी त्याच्या हातातच होती.

शाळेत बॅनर लागला होता. त्यावर भेंडी बोटाएवढी आणि अनिल पुरुषभर. साहेब भाजीचं महत्त्व सांगत होते. पहाटेपासून परदेशची भेंडी तोडून, हाताला खाज घेऊन आलेल्या बायका समोर बसल्या होत्या, त्यांनाच ते हिरव्या भाजीची ओळख करून देत होते. पोरांना टपरीवरच्या वेफरच्या पुड्या का खाऊ घालता, म्हणून दटावतही होते. गावची ताजी भाजी समुद्रापलीकडे जाते आणि पलीकडच्या पामतेलात तळलेले वेफर गावात येतात, यात काही गडबड आहे असं साहेबांना वाटलेलं दिसलं नाही.

पंगत बसली. मोबाइल सरसावले. अनिलने भाजीने भरलेला डाव उचलला, फोटो झाला. एवढ्यात ताराबाई आत आली. कोपऱ्यात डबा उघडून बसलेल्या मनूला तिने हाताला धरून उठवलं आणि पंगतीत पहिली बसवली.

"वाढ. पयली तुझ्या लेकीला."

"आये, घरी बोलू."

"घरी कशाला? लंडनच्या पोरांना इख, नि आमच्या पोरांना पोषण? वाढ की!"

"लंडनचं काय?" साहेबांनी विचारलं.

मनूने ताटली वर केली. "बाबा, वाढा ना. मला आवडते भेंडी."

अनिलचा हात पुढे झाला, तसाच थांबला. त्याने डाव परत पातेल्यात टाकला आणि तो खाली बघत उभा राहिला.

बायकांना आणखी काही सांगावं लागलं नाही. एकीने आपल्या पोराची ताटली ओढली, मग दुसरीने. स्वयंपाक करणाऱ्या सारिकाने पातेलं उचललं आणि शाळेमागच्या खड्ड्यात उपडं केलं. पोरं नुसता डाळभात जेवली. साहेबांना मुरबाडात दुसरी मीटिंग आठवली.

ताराबाई घरी आली ती उरलेले क्रेट उकिरड्यावर ओतायचे ठरवूनच. दार रिकामं होतं.

"माल कुठं गेला गो?"

"तुमी शाळेकडं निघालात तवाच टेम्पोनं कल्याणच्या मार्केटला गेला," वैष्णवी खालमानेने म्हणाली. "तिथं कोन तपासतंय, हे म्हनाले."

संध्याकाळी साऱ्या गावाच्या फोनवर फोटो फिरला: हातात भरलेला डाव, चेहऱ्यावर हसू, खाली लिहिलेलं 'दानशूर शेतकरी'. लाइकच्या अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला होता.

ताराबाईला शिव्या भरपूर येत होत्या. पण पोटच्या पोराला पुरेल अशी एकही सापडेना. ती अंगणात थुंकली आणि रात्री त्याचं ताट वाढायला उठली नाही.