न विचारता दिलेला हात

चढ आला की केशवअण्णांचा हात आलाच! सन सेहेचाळीसची गोष्ट. दर रविवारी शहरातल्या खासबागेतून साक्षरता मंडळाच्या सात सायकली येळ्ळूर गावाला निघायच्या, तिथल्या मोठ्या बायामाणसांना लिहाय-वाचायला शिकवायला. दमलेल्या गड्याच्या पाठीला हात देऊन त्याला चढावर पुढं ढकलायचं, ही मंडळाची जुनी रीत. पण विद्युल्लता आणि लतिका या दोघी मास्तरणी मंडळात आल्यापासून पुरुष गडी कुणी दमेनासेच झाले बघा! अण्णा मंडळाचे म्होरके, आणि त्यांचा हात आपला या दोघींच्याच पाठीवर. चढ संपला तरी तो निघायचा नाही.

विद्युल्लतेनं दोनदा "नको" म्हटलं. "लाजतीय!" म्हणून मंडळातला गोपाळ हसला आणि सगळेच हसले. पुढच्या रविवारी डोकं दुखण्याचं निमित्त करून ती घरीच बसली.

"डोकं दुखतंय तर सुंठ उगाळून लाव की. तोंड का पाडलंस?" मनुआत्यानं विचारलं. पोरीनं सगळं सांगून टाकलं.

"बोलले तर बाबा सायकलच बंद करतील, आत्या. मग येळ्ळूरच्या बायकांना कोण शिकवणार?"

"आणि आज कोण शिकवतंय?" आत्या कडाडली. "गप्प बसलीस म्हणून वर्ग बुडालाच की! चूक त्याची अन् शिक्षा तुला, हा कुठला न्याय गं? तुझ्या बाबाला मी बघते. तू तोंड उघड!"

पुढच्या रविवारी चढ लागला, हात आला. विद्युल्लतेनं ब्रेक दाबला, खाली उतरली आणि सायकल रस्त्यात आडवी घातली.

"अण्णा, पाठीला हात लावायचा न्हाय!"

"अगं, मदत करतोय मी. तुझ्या बापाच्या वयाचा आहे!"

"मदत मागितली कुणी? दम लागला तर मी चालत चढेन. दोनदा नको म्हटलं, तुम्ही ऐकलं नाही."

"मंडळाची रीत आहे ती. पटत नसेल तर बायकांनी येऊच नये!"

"का येऊ नये? तिथं बायका माझी वाट बघत बसल्यात. हात आवरत नसेल तर तुम्ही मागं फिरा!"

तेवढ्यात लतिकाही उतरली. "मलाही नको असतो तो हात. आजवर गिळून गप्प बसले." दोघी सायकली ढकलत चढ चढू लागल्या.

"पोरी खरं बोलतायत, अण्णा," गोपाळ म्हणाला. "ते 'नको' ऐकून मी दात काढत होतो. लाज वाटते मला."

मंडळी पुढं गेली. अण्णा रागानं एकटेच मागून निघाले. निम्म्या चढावर त्यांना धाप लागली.

"हात देऊ, अण्णा?" गोपाळनं मागं येऊन विचारलं.

"नको!" अण्णा खेकसले.

गोपाळ लगेच बाजूला झाला. कुणी हसलं नाही. अण्णा चमकलेच! आपलं 'नको' एका फटक्यात ऐकलं गेलं, आणि त्या पोरींचं?

वर येऊन ते मान खाली घालून उभे राहिले. "चुकलो, विद्युल्लता. ही रीत आजपासून बंद. पुढं तुम्ही दोघी राहा, सगळे तुमच्या दमानं येतील."

बंधूंनो, बाईचं 'नको' म्हणजे लाजणं नव्हे, ते 'नको'च असतं! आणि भगिनींनो, मंडळ मोडेल म्हणून ते गिळू नका. एका 'नको'नं मोडणारं मंडळ मोडलेलंच बरं!