छातीइतकी रेघ

घर पसंत केलं ते तानुबाईनं, आणि तेही आतून न बघता. पोरगा इंद्रजित आणि सून प्रांजल खोल्यांतून फिरत होती, तवर ही बाई मागल्या परसात आडावर पोचलेली. चार हात दोर सोडला न सोडला तोच बादली बुडाली. सगळा जन्म जतकडच्या रानात मेंढरांमागं गेलेला. टँकर आला की घागर घेऊन पळायचं आणि पाण्याआधी शेजारणीचं कोपर खायचं. तिनं ओंजळभर पाणी पिऊन बघितलं, उरलेलं तोंडावर मारलं आणि तिथनंच हाक दिली, "इंद्रा, हेच घ्यायचं बघ."

घर सांगलीत, नदीच्या अंगाला. मालक मानसिंगराव; त्यांच्या वडलांनी साठ-पासष्ट वर्षांमागं हौसेनं बांधलेलं. लाल कोबा, गोल वळणाचा सज्जा, सिमेंटची नक्षीदार जाळी. माणूस सरळ, त्यानं काही लपवलं नाही. बैठकीच्या भिंतीवर छातीइतकी एक मळकट रेघ होती. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "एकोणीसच्या पुरात पाणी इथवर होतं. परत येणारच. म्हणून तर स्वस्तात देतोय."

इंद्रजितचा चेहरा उतरला. दवाखान्यात एक्स-रे काढणारा पोरगा तो. पहिलंच घर, आणि पुढं जन्मभर हप्ते. पण तानुबाई त्या रेघेकडं बघून चक्क हसली. आता तिला तरी काय म्हणावं? पाणी नसल्याची भीती तिला पाठ होती. असल्याची भीती कशी असते, हे कुणी दाखवलंच नव्हतं.

"आवं, पाण्याला भिऊन कुणी घर सोडतंय व्हय?" ती म्हणाली. होती नव्हती तेवढी मेंढरं विकून तिनं पैसा पोराच्या हातात ठेवला. मग इंद्रजितनंही कर्जाच्या कागदांवर सही केली.

प्रांजलला त्या घराचा भलताच लळा लागला. घराच्या वयाचंच सामान आणायचं, असं तिनं मनाशी ठरवलं आणि मिरजेचा जुना बाजार पालथा घातला. काचेच्या दाराचं सागवानी कपाट, गोल कोपऱ्यांचं टेबल, वेतानं विणलेल्या खुर्च्या. खुर्च्यांचे पाय बाहेर फाकलेले. तानुबाईनं बघून कपाळाला हात लावला. "काय गं ही, नुकती जलमल्याली कोकरं उभी ऱ्हायल्यागत." पण दुपारी सून कामाला गेली की तेलाचं बोट लावून खुर्च्या पुसत बसायची तीच. शेजाऱ्यांची कपाटं विटांवर चढवलेली असायची. त्यांना ही खुशाल हसायची.

आषाढात कोयनेचं पाणी सोडल्याची बातमी आली. सकाळी आड काठोकाठ भरलेला. तानुबाईनं वाकून नुसत्या हातानं पाणी घेतलं, हळदकुंकू वाहिलं, डोळे भरून बघितलं. दुपारी ते आडाबाहेर आलं. मग मोरीतनं आलं, मग उंबऱ्यावरनं. आवाज न करता आलं.

अंथरुणं आणि धान्य गच्चीवर गेलं. कपाट जिन्यात वळेना. इंद्रजितनं खांदा लावला, प्रांजलनं लावला, शेवटी दोघं पायरीवर बसून राहिली. तानुबाई खाली वाकून बैठकीत बघत होती. खुर्च्या तरंगायला लागल्या होत्या. फाकलेले पाय वर करून एकेक खुर्ची भिंतीला धडकत होती. लांडगा आला तर काठी घेऊन धावलेली बाई ती, पण इथं काठी मारायची कशावर? ती नुसती "अगं बाई, अगं बाई" करत राहिली. संध्याकाळी नाव आली आणि त्यांना घेऊन गेली.

पाणी ओसरल्यावर चिखल निघाला, पण प्रांजलचं भ्या निघेना. आभाळ भरून आलं की ती बाहेर पायरीवर जाऊन बसायची. घर विकायचं ठरलं. सांगलीचं गिऱ्हाईक आलं की आधी भिंतीच बघायचं आणि चहासुद्धा न घेता जायचं. दीड वर्षानं तसल्याच कोरड्या आटपाडीकडची लीलाबाई तिच्या पोराला घेऊन यायची झाली, तेव्हा इंद्रजितनं भिंतींना छातीपर्यंत तेलरंग मारून घेतला.

"आई, पाया पडतो. आज तेवढी गप बस."

लीलाबाई आली आणि खोल्या बघायच्या सोडून थेट परसात गेली. बादली बुडाली. बाईनं ओंजळभर पाणी पिऊन बघितलं, उरलेलं तोंडावर मारलं आणि पोराकडं बघून हसली.

तानुबाई उठली, लीलाबाईच्या मनगटाला धरून तिला बैठकीत घेऊन आली आणि तिचा ओला तळवा भिंतीवर टेकवला. "ह्या रंगाखाली रेघ हाय बाई. पाणी हितवर येतंय. आमचं समदं बुडालं. परत बी येतंय."

इंद्रजितनं डोळे मिटून घेतले.

लीलाबाईनं वर बघितलं, खाली बघितलं. तळवा तिथंच ठेवून ती म्हणाली, "हितवर पाणी?" मग तिच्या तोंडावर हसू पसरलं. "आवं, पाण्याला भिऊन कुणी घर सोडतंय व्हय?"

तानुबाईनं बोलायला तोंड उघडलं. आपल्याला त्या दिवशी मानसिंगरावानं आणखी काय सांगितलं असतं म्हणजे पटलं असतं, ते ती शोधत राहिली. तोवर लीलाबाई दुसरी बादली काढायला परसात गेली होती.